मुदत

आमच्या शेजारच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात रात्री तीन-तीनदा उठून पाणी पिऊ लागला, शाळेतून येताना स्वतःची बाटली रिकामी करून वर वाटेतल्या किराणा दुकानात पाणी मागू लागला, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याचा गणवेश खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला, तेव्हा घरच्यांना वाटले की पोर उंचीला लागले आहे. खरा प्रकार उमगला तो धाप लागून ग्लानीत त्याला रुग्णालयात न्यावे लागले त्या रात्री. आठवड्याने तो घरी परतला तो इन्सुलिनची पेने, सुयांची डबी, बोट टोचून साखर दाखवणारे यंत्र आणि 'टाईप वन' हे दोन शब्द बरोबर घेऊन. मी समाचाराला गेलो तेव्हा मुलाची आजी देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा लेकरानं कुणाचं काय वाकडं केलं होतं हो?" मुलाचा बाप एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो, तो मला जिन्यापर्यंत पोहोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "काका, सुया जन्मभर टोचायच्या, हे कळलं. पण बिघाड जिथं झाला तिथंच हात घालायची काही सोय नाही का?"

त्या दिवशी मला वाटले की पहिला प्रश्न धर्माचा आहे आणि दुसरा वैद्यकाचा. दुसऱ्याचे उत्तर मिळेल या आशेने मी पुढले काही महिने जे वाचले, त्याने माझी ही वाटणी मोडून काढली. सासू-सुनांच्या, बाप-लेकांच्या भाषा वेगळ्या असतात, पण आजी आणि त्यांचा मुलगा त्या दिवशी एकच गोष्ट विचारीत होते: हा बाण आला कोठून?

आजींच्या प्रश्नाचे उत्तर तेथे बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी तत्काळ देऊन टाकले. "पूर्वसंचित," ते म्हणाले, आणि त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. हा शब्द आपल्याकडे व्याधीच्या आणि दारिद्र्याच्या प्रकरणांवर सरकारी शिक्क्यासारखा उमटवला जातो. तो उमटला की प्रकरण दप्तरी दाखल होते आणि पुढील चौकशीची कोणास गरज भासत नाही. मी त्या वेळी गप्प बसलो, याचे मला नंतर वाईट वाटले, कारण हे उत्तर आपल्या परंपरेचे एकमेव उत्तर आहे असे समजणाऱ्यांनी ती परंपरा पुरती चाळलेली नसते. सीवक नावाच्या एका परिव्राजकाने बुद्धाला नेमके हेच विचारले होते, की माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकृत कर्माचे फळ आहे असे जे म्हणतात त्यांच्याविषयी आपले मत काय; आणि बुद्धाने सांगितले की काही वेदना पित्तापासून होतात, काही कफापासून, काही वातापासून, काही तिघांच्या संकरातून, काही ऋतू पालटल्याने, काही हयगयीने, काही बाहेरच्या आघाताने आणि काही कर्माने; सगळेच कर्माच्या खाती टाकणारा माणूस स्वतःच्या अनुभवालाही सोडतो आणि जगाच्या अनुभवालाही. आठांच्या यादीत कर्म शेवटी आले आहे. चरकसंहितेत अग्निवेशाने गुरूंना विचारले आहे की आयुष्य आधीच ठरलेले असते की नाही, आणि आत्रेयांचे उत्तर इतके रोखठोक आहे की ते आजही एखाद्या वकिलाच्या तोंडी शोभेल: ठरलेलेच असेल तर औषधे कशाला, पथ्य कशाला, आणि पिसाळलेला हत्ती समोरून आला तर बाजूला तरी कशाला व्हायचे? गाडीचा आस चांगल्या लाकडाचा असला आणि रस्ता नीट असला तर तो आपल्या वेळेला झिजतो. ओझे फाजील असले, खड्डे असले, तेल घातले नाही, तर अर्ध्या वाटेतच मोडतो. या विवेचनात आसाचा पूर्वजन्म कोणी काढलेला नाही.

सुश्रुताने तर या व्याधीचे, मधुमेहाचे, दोन प्रकार वेगळे केले होते: एक अपथ्याने होणारा, स्थूल व आरामप्रिय माणसांचा, आणि दुसरा सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून येणारा, ज्यातला रोगी कृश, रुक्ष आणि सदा तहानलेला असतो. आमच्या शेजारच्या मुलाचे चित्र त्या दुसऱ्या वर्णनात इतके हुबेहूब उतरले आहे की क्षणभर अंगावर काटा येतो. पण म्हणून सुश्रुताला आजचे सारे ठाऊक होते असे म्हणण्याची जी हौस आपल्याकडे आहे तिला मी बळी पडू इच्छीत नाही. 'सहज' या शब्दापाशीच आजचे ज्ञान त्याच्यापासून वेगळे होते. आनुवंशिकतेने येते ती प्रवणता, रोग नव्हे. एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही.

बुद्धाच्याच नावावर दुसरी एक कथा आहे. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणू लागला की बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, उंच की ठेंगू, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही, तर उत्तर मिळण्यापूर्वीच तो मरून जाईल. वैद्यकाने या विकाराच्या बाबतीत शंभर वर्षे ही शिकवण तंतोतंत पाळली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क प्रथम टोचण्यात आला. तो अशुद्ध होता, त्याने गुण थोडा आणि गळू मात्र मोठे आले. मग कॉलिप या रसायनज्ञाने अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीला दुसऱ्यांदा टोचल्यावर त्या मुलाची साखर उतरली. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या नावे करून दिला. बाण निघाला, परंतु तो दररोज नव्याने लागत होता आणि दररोज काढावा लागत होता, आणि धनुर्धर कोण याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता लागण्यास आणखी चाळीसांवर वर्षे जावी लागली. १९६५ साली बेल्जियममधील गेप्ट्स या विकृतिशास्त्रज्ञाने, रोग सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत मरण पावलेल्या तरुण रोग्यांची जपून ठेवलेली स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या द्वीपकांभोवती बहुतेकांच्या बाबतीत त्याला पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. ही परकी फौज नव्हती. गोवर-कांजिण्यांपासून, खोकल्या-पडशापासून मुलाचे रक्षण करण्यासाठी जी शिबंदी देहाने बाळगलेली असते, तीच आपल्याच वस्तीवर चालून गेली होती. १९७४ मध्ये लंडनमध्ये बोतात्सो आणि त्याच्या सहकाऱ्यांना रोग्यांच्या रक्तात द्वीपकांविरुद्धचे प्रतिपिंड सापडले आणि पुराव्याची रुजवात पूर्ण झाली. बाण मारणारा घरातलाच निघाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले होते की देहाला स्वतःवर विष उगारण्याची निसर्गतःच दहशत असते. पुढे १९४९ मध्ये बर्नेट या ऑस्ट्रेलियन पंडिताने, फेनर या सहकाऱ्यासह, प्रतिकारशक्तीचा सारा व्यवहार 'स्व' आणि 'पर' या दोन शब्दांत बसवला. 'स्व' हा प्रयोगशाळेने तत्त्वज्ञानाच्या घरातून उसना नेलेला शब्द आहे, आणि उसन्या वस्तूची किंमत ती परत मागायला गेल्यावर कळते. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच मुळी या गोंधळाने होतो, की माणूस आत्म्यावर अनात्म्याचे आणि अनात्म्यावर आत्म्याचे धर्म लादून बसतो. या अध्यासालाच त्यांनी साऱ्या अनर्थाचे मूळ ठरवले. वाचकाला येथे मोह होईल की पाहा, रोगही अध्यासच. मला तो मोह झाला आणि मी दोन दिवस त्यात रमलो. पण वेदान्ताच्या हिशेबी पांढरी पेशी, द्वीपक आणि त्यांना धारण करणारा नऊ वर्षांचा देह, हे सर्वच अनात्मा आहे. बर्नेटचा 'स्व' हा वेदान्ताच्या दृष्टीने 'पर'च. शिवाय दोरीला साप समजून भ्यालेल्या माणसाला दिवा दाखवला की भीती जाते, येथे मात्र दिवा आपल्या हाती असून पेशीला तो दाखवता येत नाही. वैद्याला झालेले ज्ञान पेशीच्या उपयोगाचे नसते.

तरीसुद्धा चूक ओळखीची आहे, द्वेषाची नाही, हे या संशोधनातून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही प्रवचनातून झाले नसते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. ती वयात आल्यावर आक्रसत जाते म्हणून आपल्या परिभाषाकारांनी तिला यौवनलोपी असे मोठे समर्पक नाव दिले आहे. टी-पेशी नावाच्या पहारेकऱ्यांची परीक्षा येथे होते. देहाच्या नाना अवयवांत जे जे पदार्थ बनतात त्यांचे थोडे थोडे नमुने ही ग्रंथी आपल्यापाशी मांडून ठेवते, आणि जो उमेदवार एखाद्या नमुन्यावर धावून जाईल त्याला तेथल्या तेथे बरखास्त करते. १९९७ साली असे दिसून आले की इन्सुलिनचा हा नमुना सगळ्यांच्या थायमसमध्ये सारख्या प्रमाणात मांडलेला नसतो. काहींच्या वाट्याला, केवळ वंशसूत्रातील एका लहानशा पुनरावृत्तीच्या कमीजास्तपणामुळे, तो अधिक येतो आणि त्यांना या विकारापासून काहीसे संरक्षण मिळते. काहींच्या वाट्याला तो तुटपुंजा येतो, आणि मग इन्सुलिनला आपले म्हणून न ओळखणारा एखादा पहारेकरी परीक्षेतून निसटून बाहेर पडतो. पुढे त्याला कोण चिथावते, याबाबत काही विषाणूंवर संशय आहे. पण मुळात लहानपणी ज्याची पुरेशी ओळख करून दिली गेली नाही त्यालाच तो परका समजला, इतकीच त्याची कैफियत. आजींना मी हे माझ्या परीने सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही?" त्यांच्या स्वरात समाधान होते की निराशा होती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. अपराधी सापडला असता तर निदान त्याच्या नावाने एखादे व्रत करता आले असते.

आता मुलाच्या बापाच्या प्रश्नाकडे वळतो. पहारेकरी बिथरला आहे हे कळल्यावर पहिली कल्पना सुचली ती सगळ्या पहाऱ्यालाच झोपवण्याची. १९८० नंतरच्या दशकात कॅनडात आणि फ्रान्समध्ये, नुकताच रोग झालेल्यांना सायक्लोस्पोरिन हे, प्रत्यारोपित मूत्रपिंड देहाने नाकारू नये म्हणून वापरले जाणारे औषध देऊन पाहिले गेले. काही रोग्यांना इन्सुलिन टोचण्याची गरजच उरली नाही आणि मोठा हर्ष झाला. परंतु औषध थांबवताच रोग परतू लागला, आणि चालू ठेवावे तर त्यांची स्वतःची मूत्रपिंडे धोक्यात येऊ लागली. तेव्हा वैद्य मागे हटले. या माघारीची जितकी वाखाणणी व्हायला हवी तितकी होत नाही.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म होता. टी-पेशीच्या पृष्ठावर सीडी-३ नावाची एक खूण असते. तिला चिकटणारा प्रतिपिंड प्रथम उंदराच्या पेशींपासून तयार केला गेला, पण तो उंदराचा असल्याने मानवी देह त्यालाच परका समजून त्याच्यावर तुटून पडे. म्हणून शास्त्रज्ञांनी त्या रेणूचा बहुतेक भाग बदलून त्याला मानवी वेष चढवला. आपल्याला परका मानणाऱ्या आप्ताची समजूत घालायला परक्याने आपलेपणाचे सोंग घेऊन जावे, असा हा प्रकार आहे. टेप्लिझुमॅब हे त्या औषधाचे नाव. ते बिथरलेल्या पेशींना ठार करीत नाही; त्यांतील काहींना एक प्रकारचा थकवा आणते, शस्त्र हाती असून ते उगारण्याचा उत्साह नाहीसा करते. माणसांच्या समाजातही पुष्कळ वैरे शहाणपणाने मिटत नाहीत, दमल्यामुळे मिटतात; पण तो विषय वेगळा.

२००२ साली हेरॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच रोग झालेल्या अवघ्या २४ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना हे औषध मिळाले होते. पुढची काही वर्षे अपयशाचीही गेली. २०१९ मध्ये जो निष्कर्ष बाहेर आला तो अशा ७६ जणांचा होता, ज्यांच्या नात्यात रोगी होते, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड दिसत होते, साखर किंचित हलू लागली होती, पण ज्यांना अद्याप रोग झालेला नव्हता. त्यांत बहुतेक मुलेच होती. चौदा दिवस औषध शिरेवाटे दिल्यावर रोग प्रकट होण्याचा मध्यक काळ औषध न मिळालेल्यांच्या सुमारे २४ महिन्यांऐवजी सुमारे ४८ महिने झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, आठ वर्षांवरील अशा लोकांचा रोग लांबवण्यासाठी, त्याला मंजुरी दिली. आणि २०२३ मध्ये ३२८ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला: वय ८ ते १७, रोग कळून सहा आठवडेही उलटलेले नाहीत, म्हणजे अगदी आमच्या शेजारच्या मुलासारखी मुले. २१७ जणांना बारा-बारा दिवसांचे दोन क्रम औषध मिळाले, १११ जणांना औषधविरहित द्रव. ७८ आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या गटातील मुलांच्या द्वीपकांत स्वतःचे इन्सुलिन बनवण्याची शक्ती अधिक टिकून होती. बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीने ऑस्ट्रेलियात, गोलिमुमॅबने अमेरिकेत असेच काही साधले आहे; त्यांच्या तपशिलात मी शिरत नाही.

परंतु त्या २०२३ च्या प्रयोगात एक ओळ अशी होती जिच्यापाशी मी थबकलो. टोचाव्या लागणाऱ्या इन्सुलिनच्या मात्रेत आणि साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणजे मुलाच्या नित्याच्या जगण्यात, टोचण्यात, मोजण्यात, त्याला स्वतःला जाणवेल असे फारसे काही बदलले नव्हते. बदलले होते ते रक्ताच्या नळीत, आणि त्याचे फळ पुढे केव्हातरी येणार होते. कारण स्वतःचे थोडेसे इन्सुलिन ज्यांच्यापाशी शिल्लक राहते त्यांना साखर एकाएकी घसरण्याचे प्रसंग आणि डोळ्यांचे विकार कमी होतात, असा जुना अनुभव आहे. मीमांसकांनी आज केलेला याग आणि उद्या मिळणारा स्वर्ग यांमधील पोकळी भरून काढण्यासाठी 'अपूर्व' नावाची एक अदृश्य शक्ती कल्पिली होती. हे अपूर्व मोजता तरी येते, हाच काय तो फरक. रोग सुरू झाल्यानंतर काही महिने बऱ्याच मुलांना इन्सुलिन फार थोडे लागते, त्या काळाला डॉक्टर मंडळी 'हनिमून' म्हणतात. मधुमेहाचा मधुचंद्र हा शब्दप्रयोग ज्याला सुचला तो विनोदी असावा किंवा निर्दय असावा. हे सारे संशोधन त्या मधुचंद्राची मुदत वाढवण्याचा अर्ज आहे.

मुदत. आपल्या कचेऱ्यांनी फारसीतून घेतलेला हा शब्द या विषयाला जितका लागू पडतो तितका 'उपचार' हाही पडत नाही. दावा निकालात निघालेला नाही, हुकूमनामा रद्द झालेला नाही. बजावणी तेवढी तहकूब आहे. दोन वर्षे. कठोपनिषदातला नचिकेता अशा मुदतीकडे ढुंकूनही पाहत नाही. यम त्याला शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती-घोडे, हवे तितके आयुष्य देऊ करतो आणि तो मुलगा म्हणतो की सगळे आयुष्य घेतले तरी ते तोकडेच, तुमचे तुमच्यापाशी ठेवा. वयाच्या विसाव्या वर्षी मी हे वाचले तेव्हा छाती भरून आली होती. आज मला नचिकेत्याशी थोडे भांडावेसे वाटते. ज्याला अंतिम प्रश्नाचे उत्तर हवे आहे त्याने मुदत नाकारावी, हे त्याला शोभते; पण मुदतीच्या पलीकडे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने ती नाकारणे हा विवेक नव्हे. १९१९ साली अमेरिकेत एलिझाबेथ ह्यूज या अकरा वर्षांच्या मुलीला हा रोग झाला. त्या काळी अ‍ॅलन नावाच्या डॉक्टरांपाशी एकच उपाय होता, तो म्हणजे रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवणे. त्याने मृत्यू टळत नसे, पुढे ढकलला जाई. तीन वर्षे ती मुलगी अशी उपाशी राहिली. पंधरावे लागताना तिचे वजन वीस किलोच्या आसपास उरले होते. कोणी विचारले असते की या उपासमारीच्या तीन वर्षांना जगणे म्हणायचे काय, तर त्याला उत्तर देणे जड गेले असते. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला बँटिंगकडे नेण्यात आले आणि इन्सुलिन सुरू झाले. ती १९८१ पर्यंत जगली, तिला तीन मुले झाली. अ‍ॅलनने दिलेल्या मुदतीत इन्सुलिन येणार आहे हे अ‍ॅलनला माहीत नव्हते.

आणि मुलाची दोन वर्षे ही प्रौढाची दोन वर्षे नसतात. आठव्या वर्षी ज्याच्या पोटात आईला सुई खुपसावी लागते तो दहाव्या वर्षी पेन स्वतःच्या हाती धरतो. पोळी किती खाल्ली आणि त्याला किती युनिट लागतील याचा हिशेब त्याला करता येतो. साखर उतरू लागल्याची थरथर तो ओळखतो आणि शिक्षकांना सांगू शकतो. वेदान्ताने काळाला मिथ्या म्हटले असले तरी मूल काळातच माणूस होते, त्याला दुसरी जागा नाही.

मग आड येते ती किंमत. एका डॉलरला दिल्या गेलेल्या हक्काची आठवण ताजी असताना हे वाचावे लागते की टेप्लिझुमॅबच्या एका क्रमाची किंमत अमेरिकेत १,९३,९०० डॉलर जाहीर झाली. हे संशोधन महागडे असते, अपयशांचाही खर्च त्यात वसूल व्हायचा असतो, हे सारे मला मान्य आहे. तरी मान्य करताना मान खाली जाते.

पण किमतीहूनही कठीण असा एक प्रश्न मला त्या १११ मुलांनी घातला. त्यांनी दोन वेळा बारा-बारा दिवस शिरेत सुई घेतली आणि त्यांच्या देहात औषधाचा थेंबही गेला नाही. चिठ्ठी कोणाची निघेल हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तसे ठाऊक नसणे हेच अशा प्रयोगाचे नैतिक अधिष्ठान आहे. औषध खात्रीने गुणकारी आहे असे कळले असते तर ते एकालाही नाकारणे अन्याय ठरला असता. अज्ञानावर उभी असलेली ही नीती मला पहिल्यांदा विलक्षण वाटली. गीतेने फळाची आशा सोडायला सांगितले ती आपल्या कर्माच्या. दुसऱ्याच्या वतीने, आपल्या मुलाच्या वतीने, त्याच्या शिरेतल्या सुईचे फळ आपण सोडून देणे हे निष्काम कर्मात बसते का? कठोपनिषदाचा आरंभ येथे आठवतो, आणि तो भाग आपण घाईने ओलांडतो. नचिकेत्याचा बाप सर्वस्व दान करायला निघालेला असतो आणि दानात देतो त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई. मुलगा ते पाहतो आणि बापाला विचारतो की मग मला कोणाला देणार. एकदा, दोनदा, तीनदा. बाप संतापून म्हणतो, मृत्यूला. यज्ञ बापाचा आणि यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसायचे मुलाने. प्रयोगात मूल देणाऱ्या आईबापांना मी त्या बापाच्या पंक्तीला बसवू इच्छीत नाही, कारण ते रागाने देत नाहीत, आशेने देतात. परंतु आशा हीसुद्धा बापाचीच असते. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत सात वर्षांवरील मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाची लेखी अनुमती घ्यावी असे आहे, ते मला फार मोलाचे वाटते. नचिकेत्याला कोणी विचारले नव्हते, त्यालाच विचारावे लागले.

शेजारच्या मुलाला रोग होऊन आता वर्ष होईल. आजी पोळीची कणीक वजन-काट्यावर मोजतात, आणि पूर्वसंचित म्हणणारे गृहस्थ अजून येतात व चहा घेतात. परवा मुलाचा बाप आला तो वेगळीच अडचण घेऊन. त्याला धाकटी मुलगी आहे, सहा वर्षांची, खेळती, खाती-पिती. तिच्या रक्तात ते प्रतिपिंड आहेत का, हे तपासावे काय? दोन किंवा अधिक प्रतिपिंड सापडलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत रोग होतो, असे त्याने कोठेतरी वाचले होते आणि ते खरे आहे. काही वर्षांपूर्वी मी बेलाशक सांगितले असते की तपासू नकोस. ज्याला उपाय नाही ते आधी कळून नुसता घोर लागतो. आता उपाय नाही असे म्हणता येत नाही, मुदत आहे. आणि मुदत जरी त्याला परवडली नाही तरी निदान भावासारखी ग्लानीत रुग्णालय गाठण्याची रात्र तिच्या वाट्याला येणार नाही. औषध निघाले त्याबरोबर जाणून घेण्याचे ओझेही निघाले. मी त्याला हे सांगितले आणि दुसरी बाजूही सांगितली, की 'आहे' असे उत्तर आले तर त्या दिवसापासून तुम्ही तिच्या प्रत्येक पेल्याकडे पाहणार आहात. तो म्हणाला, "ते आताही पाहतोच की, काका."

त्यांनी रक्त दिले. अहवाल यायचा आहे. मुलगी सहाची असल्याने, संशोधनाचा प्रसंग असता तरी नियमाने तिची अनुमती घेण्याची सक्ती नव्हती; पण बापाने तिला जवळ घेऊन विचारले, दादाला जे झाले ते तुला होणार आहे का हे बघायला थोडे रक्त द्यायचे आहे, देशील का? तिने हात पुढे केला, नळी भरताना सगळा वेळ तिकडेच पाहत राहिली, आणि घरी येताना रिक्षात तिने विचारले, "बाबा, ते परत कधी देणार?" एवढे सांगून तो उठला, वर मुलाच्या रात्रीच्या सुईची वेळ झाली होती.